डोळा उघडा असताना मागून दाब आला तर: कॉर्निया प्रत्यारोपणातल्या गुंतागुंतींबद्दल

डॉक्टर, तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. बीड जिल्ह्यातल्या, साठीच्या जवळ आलेल्या एक ऊसतोड कामगार मावशी. डोळ्याला उसाचं पान लागलं, फड सोडून येता आलं नाही, मेडिकलवरून आणलेले थेंब घालणं चालू राहिलं. तुमच्याकडे आल्या तेव्हा कॉर्नियावरचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरचा) बुरशीचा अल्सर, म्हणजे जखम, फुटायच्या बेतात होता. पेरिबल्बर भूल (डोळ्याभोवती सुईने दिलेली) देऊन तुम्ही थेराप्युटिक केराटोप्लास्टी, म्हणजे रोग काढून टाकण्यासाठीचं कॉर्निया प्रत्यारोपण, घेतली. खराब कॉर्निया कापून उचलला आणि आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) फुगून वर आली, पाठोपाठ डोळ्यातली नैसर्गिक लेन्स बाहेर पडली, मग व्हिट्रियस (डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ). दात्याचा कॉर्निया तुम्ही कसाबसा शिवून घेतला. त्या क्षणी काय करायला हवं होतं, कोणत्या क्रमाने, आणि अशी केस पुन्हा हातात घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

पहिलं उत्तर हे, की थेराप्युटिक ऑपरेशन आपण डोळा वाचवायला करतो. नजरेचा विचार नंतरचा. लेन्स गेली हे वाईट झालं, पण बुरशी कापून निघाली आणि डोळा बंद झाला. मावशींना नजर देण्याची वाट अजून खुली आहे.

आता मुख्य मुद्दा. पूर्ण जाडीच्या प्रत्यारोपणात पेशंटचा कॉर्निया उचलल्यापासून नव्या कॉर्नियाला पहिले चार टाके पडेपर्यंत डोळ्याला छप्परच नसतं. आतला दाब बाहेरच्या हवेइतका झालेला असतो आणि मागून जे काही ढकलेल ते सरळ वर येतं. या ऑपरेशनातल्या बहुतेक मोठ्या गुंतागुंती याच वेळात होतात. हा वेळ शक्य तितका कमी करायचा आणि त्यात लागणारी प्रत्येक वस्तू आधीच हाताशी ठेवायची, हेच मी शिकाऊ डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगतो.

तुमच्या केसमध्ये माझा पहिला संशय भुलीवर आहे. पेरिबल्बरमध्ये आपण डोळ्यामागे काही मिली द्रव भरतो. मोतीबिंदूच्या पेशंटमध्ये नंतर दहा-पंधरा मिनिटं डोळा दाबून ठेवतो, तो द्रव पसरतो आणि डोळा मऊ होतो. पण फुटायला आलेल्या अल्सरवर दाब देताच येत नाही, दिला तर अल्सर तिथेच फुटेल. म्हणजे भरलेला द्रव मागे तसाच राहिला आणि छप्पर उघडल्यावर त्याने सगळं पुढे ढकललं. त्यात सुजलेल्या, लाल डोळ्यात भूल नीट बसत नाही, मग पेशंट पापणी आवळतो. म्हणून फुटलेला किंवा फुटू घातलेला अल्सर, लहान मूल, खोकला असलेला पेशंट, एकच डोळा उरलेला पेशंट, हे सगळे शक्यतो पूर्ण भुलीतच घ्यावेत. आपल्याकडे चुलीचा धूर, बिडी आणि मिश्री यांमुळे खोकला घरोघरी आहे. ठरवून करायचं प्रत्यारोपण असेल तर खोकला बरा होईपर्यंत थांबता येतं. अल्सर थांबू देत नाही.

भूलतज्ज्ञांशी आदल्या दिवशीच बोला. त्यांच्या दृष्टीने डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे छोटं काम असतं. डोळा उघडा असताना पेशंटने एकदा नळीवर ठसका दिला तरी काय होईल, हे त्यांना स्पष्ट सांगा. उघड्या डोळ्यात सक्सिनिलकोलिन आणि केटामाइन ही भुलीची औषधं टाळलेलीच बरी, आणि स्नायू सैल ठेवणारं औषध निदान चार टाके पडेपर्यंत उतरता कामा नये.

डोळ्याचा दाब उतरवणारं मॅनिटॉल २० टक्के, वजनाच्या दर किलोला १ ग्रॅमच्या हिशोबाने द्या. ५० किलोच्या बाईला २५० मिलीची बाटली झाली. ती ऑपरेशनच्या अर्धा-पाऊण तास आधी संपलेली असावी. हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर फिजिशियनला विचारल्याशिवाय नको. आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो. मॅनिटॉलनंतर मूत्राशय भरतं, भरलेल्या मूत्राशयाने पेशंट अस्वस्थ होतो, पोट आवळून धरतो, रक्तदाब वाढतो आणि ते सगळं डोळ्यात उतरतं. आपल्या मावशी, आज्जी टेबलावर झोपल्यावर लाजेपोटी काही बोलत नाहीत. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) घेण्याआधी सिस्टरांनी त्यांना लघवीला नेऊन आणलंच पाहिजे. पूर्ण भूल असेल तर कॅथेटर घाला.

टेबलावरच्या छोट्या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. डोक्याकडची बाजू थोडी वर. गळ्याशी घट्ट असलेलं पोलकं, दोरा, माळ सैल करा. पापण्या धरणारा स्पेक्युलम डोळ्यावर टेकत नाही ना, ते बाजूने वाकून बघा. वरच्या स्नायूला घातलेला ओढ-टाका ताणलेला असेल तर सैल सोडा. लहान मुलांत, लेन्स नसलेल्या किंवा आधी व्हिट्रेक्टॉमी (व्हिट्रियस काढण्याचं ऑपरेशन) झालेल्या डोळ्यांत स्क्लेरा (डोळ्याचं पांढरं कवच) खाली बसतो, तिथे आधार देणारं कडं, फ्लिरिंगा रिंग, शिवून घ्या. ती सगळीकडून सारख्या ताणाने शिवली पाहिजे, नाहीतर डोळ्याचा आकारच ओढला जातो आणि पुढे तिरक्या नंबरचा चष्मा लागतो.

दात्याचा कॉर्निया पेशंटच्या डोळ्याला हात लावायच्या आधी पंचने गोल कापून, एन्डोथेलियम (आतला पेशींचा थर) वर ठेवून, मीडियमच्या (जतन करायच्या द्रवाच्या) थेंबात झाकून तयार असला पाहिजे. पंच वाकडा बसला, ऊती खाली पडली, सेल खराब निघाले, तर अजून पेशंटचा डोळा बंद आहे आणि आपण थांबू शकतो. मराठवाड्यात हा मुद्दा जास्तच टोकदार आहे. नेत्रदान मृत्यूनंतर ६ तासांच्या आत व्हावं लागतं. एमके मीडियममध्ये कॉर्निया ४ दिवस टिकतो, कॉर्निसोलसारख्या मीडियममध्ये १४ दिवस. एक कॉर्निया वाया गेला तर दुसरा संध्याकाळपर्यंत मिळेल अशी स्थिती नांदेडला नाही, लातूरला नाही, धाराशिवला तर नाहीच. थेराप्युटिक केसेस करणार असाल तर ग्लिसरीनमध्ये जतन केलेला एखादा कॉर्निया फ्रीजमध्ये असू द्या. त्यातून दिसणार नाही, पण भोक बंद होतं.

मापाबद्दल थोडक्यात. नजरेसाठीच्या प्रत्यारोपणात पेशंटकडे ७.५ मिमी आणि दात्याचं बटण (कापलेली गोल चकती) पाव ते अर्धा मिमी मोठं, हे नेहमीचं. बुरशीच्या अल्सरमध्ये डाग जिथे संपतो तिथून अर्धा ते एक मिमी निरोगी कड घेऊन कापायचं. कड वाचवण्याचा मोह नको. उरलेल्या कडेतून बुरशी पुन्हा उगवली तर सगळंच गेलं.

कापताना ट्रिफाइन (गोल कापणारं पातं) एका दमात आत घुसवू नका. ते थोडंही कललं तर एका बाजूला आत शिरतं, पाणी भसकन बाहेर येतं आणि दाब एकदम उतरतो. हा एकदम उतरलेला दाबच पुढच्या रक्तस्रावाचं निमित्त ठरतो. बऱ्यापैकी खोल खाच पाडा, थांबा, ब्लेडने एका जागी हळूच आत जा, सावकाश पाणी येऊ द्या, चेंबर (कॉर्निया आणि आयरिस यांमधली जागा) व्हिस्कोने (घट्ट जेलने) भरा आणि मग उजव्या-डाव्या वळणाच्या कात्र्यांनी पुरं करा. कात्रीचं खालचं पातं आयरिसला धरत नाही ना, हे प्रत्येक कापाला बघायचं.

आणि दाबाची शंका असेल तर बटण पूर्ण कापूच नका. मी एका बाजूला थोडा भाग न कापता बिजागरीसारखा ठेवतो. जुना कॉर्निया खाली तसाच झाकण म्हणून राहतो, त्यावर व्हिस्को, त्यावर नवा कॉर्निया. वर दोन-तीन टाके पडले की बिजागरी कापून जुनं बटण बाजूने ओढून काढायचं. अल्सर फार कुजलेला असेल तर हे नीट जमत नाही, पण जमतं तिथे डोळा क्षणभरही उघडा राहत नाही.

आता तो क्षण. आयरिस वर येतेय. पहिलं काम म्हणजे हात थांबवणं. ओढणं, कापणं सगळं बंद. मग दोन गोष्टी एकदम बघायच्या: बाहुलीतून येणारी लाल झाक आणि पेशंट. लाल झाक शाबूत आहे, आयरिस मऊ आहे, फुगवटा हळूहळू वाढतोय, तर दाब बाहेरून आहे. स्पेक्युलम उचलून धरा, ओढ-टाका सोडा, भूलतज्ज्ञांना भूल आणखी खोल करायला सांगा, पेशंट जागा असेल तर तोंड उघडं ठेवून सावकाश श्वास घ्यायला लावा. बऱ्याचदा एवढ्यावर लेन्स परत खाली बसते. तेवढ्यात व्हिस्कोने आयरिस दाबून नवा कॉर्निया वर ठेवा आणि घड्याळाच्या तबकडीवरच्या १२ च्या जागेचा टाका घ्या. सहाय्यकाने स्पॅच्युलाने आयरिस खाली धरायची, तुम्ही लगेच ६ च्या जागेचा टाका. मग ३ आणि ९. हे चार टाके सुबक असायची गरज नाही, नंतर बदलता येतात. जाड धागा हाताशी असेल तर तो वापरा. १०-० नायलॉन हा बारीक धागा ताणाखाली तुटतो आणि त्या घडीला तुटलेला टाका परवडत नाही.

लेन्स तरीही पुढे येत असेल तर? ओली शेंग दाबली की दाणा जसा सटकतो तशी ती सटकते, आणि वरून हत्याराने दाबल्यास तिचं आवरण (कॅप्सूल) फाटून जास्त नुकसान होतं. लाल झाक चांगली असेल तर लिंबसपासून (कॉर्नियाच्या कडेपासून) साडेतीन मिमीवर, पार्स प्लाना नावाच्या पट्ट्यातून, व्हिट्रेक्टॉमी कटरने, इन्फ्यूजन (आत सोडायचं पाणी) न लावता, थोडं व्हिट्रियस काढा. डोळा लगेच सैल पडतो. कटर तयार नसेल तर जाड सुईने पातळ झालेलं व्हिट्रियस ओढता येतं, पण घट्ट व्हिट्रियस सुईने ओढू नका, रेटिना (डोळ्याच्या मागचा दृष्टिपटल) ओढला जातो. बुरशीच्या डोळ्यात लेन्स वाचवण्यासाठी एवढी धडपड करायची, कारण डोळ्याच्या पुढच्या भागातलं इन्फेक्शन आणि व्हिट्रियस यांच्यामध्ये तीच एक भिंत असते. पण ती निघालीच, तर जाऊ द्या. अडवून ठेवण्याच्या नादात डोळा जास्त वेळ उघडा राहतो.

व्हिट्रियस आलं की स्पंजने टिपून ओढायची जुनी सवय सोडा. कटर लावून कोरडी व्हिट्रेक्टॉमी करा, कडेच्या आणि आयरिसच्या पातळीच्या खाली जाईपर्यंत. शेवटी कोरडा स्पंज कडेला नुसता टेकवून एकही धागा उचलला जात नाही ना ते बघा. जखमेत अडकलेला धागा महिन्यांनी रेटिना खाली आणतो. अशा डोळ्यात त्या दिवशी कृत्रिम लेन्स मुळीच नको. आयरिसला परिघाशी एक छोटं भोक मात्र थेराप्युटिक केसमध्ये नेहमी पाडा, कारण सुजेची जाळी बाहुली बंद करते आणि रात्रीतून दाब चढतो. काढलेलं बटण बादलीत जाऊ देऊ नका. अर्धं कल्चरला (जंतू वाढवून बघायला), अर्धं फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला. दात्याच्या कॉर्नियाची उरलेली कडही कल्चरला पाठवा.

आता दुसरी शक्यता, जिला मी सगळ्यात जास्त घाबरतो. भूल दिलेली असूनही पेशंट अचानक कळवळतो, "लई दुखायलंय सायेब" म्हणतो. लाल झाक जाते, मागून काळपट उंचवटा वर सरकताना दिसतो, डोळा दगडासारखा होतो. हा कोरॉइडखालचा (डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांच्या थराखालचा) रक्तस्राव. वय, रक्तदाब, काचबिंदू, मोठा मायनस नंबर, लेन्स नसलेला डोळा, सुजलेला डोळा यांत धोका जास्त. इथे कारण शोधायला वेळ नाही. अंगठा उघड्या जागेवर ठेवा, खरंच अंगठा. अंगठा ठेवूनच सिस्टरांकडून सुई घ्या. नवा कॉर्निया हाताशी असेल तर तो, नसेल तर पेशंटचंच कापलेलं बटण परत ठेवा आणि ८-० रेशमाने शिवा. तात्पुरता केराटोप्रोस्थेसिस (कृत्रिम कॉर्निया) असेल तर उत्तम, आपल्या भागात तो क्वचितच असतो. भूलतज्ज्ञांनी रक्तदाब खाली आणायचा. मागून स्क्लेरा उघडून रक्त काढण्याबद्दल मतभेद आहेत. डोळा कोणत्याही उपायाने बंदच होत नसेल तरच मी ते करतो, कारण आतला दाब उतरला की रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. एकदा डोळा बंद झाला की आतला दाबच रक्त थांबवतो. गुठळी विरघळायला १ ते २ आठवडे लागतात, तोवर बी-स्कॅनवर (डोळ्याच्या सोनोग्राफीवर) लक्ष ठेवून मग रेटिना सर्जनने निचरा करायचा. ऑपरेशनआधी ओटीतला रक्तदाब बघा, वॉर्डातला नव्हे. चढलेला असेल तर ठरवून करायचं ऑपरेशन त्या दिवशी करू नका, पेशंट हिंगोलीहून आलेला असला तरी.

बाकीच्या गुंतागुंती इतक्या घाईच्या नसतात, पण एक सहज निसटते. सुजून जाड झालेल्या कॉर्नियात कापताना डेसिमेट मेम्ब्रेन (कॉर्नियाचा आतला पातळ पापुद्रा) कधीकधी मागेच राहतं. बटण उचललं, आयरिस दिसली, वाटतं झालं. पण जवळून बघितलं तर आयरिसवर बारीक, चकाकणारी पापुद्र्यासारखी एक झिल्ली दिसते, पाण्याबरोबर हलते, आणि आयरिसला लावलेलं हत्यार तिला टेकतं. तिच्यावर नवा कॉर्निया शिवला तर दोन चेंबर होतात आणि नव्या कॉर्नियाचं एन्डोथेलियम घासून मरतं. दोन मिनिटं घालवून ती चिमट्याने सोलून काढा. सुजलेला डोळा असो वा नसो, बटण उचलल्यावर हे तपासायचंच.

रक्तवाहिन्या वाढलेल्या कॉर्नियातून कडेने रक्त येतं, ते व्हिस्कोने आणि धीराने थांबतं. आयरिसमधून येत असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं, पातळ केलेलं अॅड्रिनलिन. चेंबरमध्ये गुठळी ठेवून डोळा बंद करू नका.

केराटोकोनससाठी (कॉर्निया पातळ होऊन टोकदार होण्याच्या आजारासाठी) डाल्क, म्हणजे आतला थर तसाच ठेवून केलेलं प्रत्यारोपण, करताना डेसिमेटला छोटं भोक पडलं तर लगेच पूर्ण जाडीच्या प्रत्यारोपणाकडे वळू नका. हवेचा छोटा बुडबुडा, त्या बाजूचा थर शेवटी, हळू हाताने, आणि बहुतेकदा निभतं. भोक मोठं असेल तर वळायचं, म्हणून डाल्कलाही एन्डोथेलियम चांगलं असलेलाच कॉर्निया मागवावा. डीसेक किंवा डीमेकमध्ये (फक्त आतला थर बदलण्याच्या ऑपरेशनात) हवा भरून पेशंटला खोलीत पाठवलं आणि रात्री डोळा, डोकं दुखून उलटी झाली, तर हवेने बाहुली अडवली आहे असं समजून तेव्हाच जाऊन थोडी हवा काढा. खालच्या बाजूला इरिडेक्टॉमी (आयरिसला छोटं भोक) केलेली असेल तर ही वेळ सहसा येत नाही.

टाक्यांबाबत एवढंच: टाका कॉर्नियाच्या जाडीच्या ९० टक्के खोल, गाठी आत पुरलेल्या, सगळे झाल्यावर व्हिस्को धुऊन काढा, फ्लुओरेसिन हा रंग लावून प्रत्येक टाक्याशेजारी कोरड्या स्पंजने टिपून गळती बघा. शंका असेल तिथे आणखी एक टाका. "सकाळी बघू" म्हणून सोडलेली गळती सकाळी चपटं चेंबर घेऊन येते.

तुमच्या मावशींसाठी आता: बी-स्कॅन करून रेटिना आणि कोरॉइड बघा. बुरशीच्या औषधाचे थेंब, नॅटामायसिन ५ टक्के, चालू ठेवा. स्टेरॉइड निदान दोन आठवडे नको, तेही कल्चर आणि डोळा दोन्ही बघूनच. एन्डोथेलियम गेलं आणि कॉर्निया पांढरा पडला तरी चालेल. डोळा काही महिने शांत राहिला की नजरेसाठी दुसरं प्रत्यारोपण आणि त्याच वेळी स्क्लेराला बसवलेली लेन्स, असा बेत करता येतो.

त्यांच्या घरच्यांशी एक गोष्ट स्पष्ट बोला. मुकादमाची उचल घेतलेली असेल तर कोयत्याला माणूस कमी पडतो म्हणून त्या पंधरा दिवसांत फडावर परत जातील. तिथे धूळ, पाचट, उन्हाळा, आणि सैल झालेला एक टाका पुरेसा आहे. मुलाला किंवा मालकांना बसवून सांगा की डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा नजर कमी झाली तर त्याच दिवशी निघायचं, आठवडी बाजाराची वाट बघायची नाही. कारखाना कोणत्या गावाला आहे ते विचारून तिथल्या जवळच्या नेत्रतज्ज्ञाच्या नावाने चिठ्ठी लिहून द्या. आमच्याकडे संभाजीनगरला कर्नाटकातल्या फडावरून परत आलेले असे डोळे बघावे लागतात, आणि दर वेळी चार दिवस आधी आले असते तर वाचले असते असंच निघतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. पूर्ण भूल, व्हिट्रेक्टॉमी कटर आणि हाक मारल्यावर येणारा रेटिना सर्जन, या तिन्हींपैकी पहिल्या दोन गोष्टी तुमच्या ओटीत असतील तर अशी केस जरूर घ्या, तुमचा हात त्या कामाला तयार आहे हे तुमच्या वर्णनावरूनच दिसतं. नसतील तर २ मिमीपर्यंतचं भोक सायनोअॅक्रिलेट ग्लू आणि बँडेज कॉन्टॅक्ट लेन्सने बंद करा, डोळ्यावर शील्ड लावा, पट्टीचा दाब देऊ नका, अल्सर खरवडून स्मिअर लावलेल्या काचपट्ट्या पेशंटबरोबर द्या आणि पुढे पाठवा. पाठवण्याआधी तिथे फोन करून कॉर्निया शिल्लक आहे का, हे विचारून घ्या.